मालदरे खुर्दचे मौन

मालदरे खुर्दच्या भूकंपमापन केंद्राला कऱ्हाडहून काहीही विचारले, तरी ते तत्काळ उत्तर देत असे. भोपाळच्या मध्यवर्ती केंद्राला मात्र ते जानेवारीपासून सापडत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच तासाला खऱ्या होत्या.

“वाचतो,” डॉ. केसकर म्हणाले आणि त्यांनी फॅक्सचा गुंडाळला जाणारा कागद टेबलावर हाताने सपाट धरला. “केंद्र दीर्घकाळ निरुत्तर. फेब्रुवारीतील धक्क्याची नोंद मागाहून पुरवण्यात आली असून तिच्या अस्सलपणाविषयी शंका आहे. केंद्र बंद करून यंत्र अन्यत्र हलवावे, असा प्रस्ताव. समिती गुरुवारी येते आहे.”

“अस्सलपणाविषयी शंका,” ऊर्मिला घोरपडे म्हणाली. “म्हणजे मी घरी बसून रेघोट्या ओढल्या.”

“तसं म्हटलेलं नाही त्यांनी.”

“तसंच म्हटलंय, सर. सरकारी भाषेत म्हटलंय, एवढंच.”

ही पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. धरणाच्या जलाशयाभोवती जमीन का हलते, याचा अभ्यास करणारी आमची छोटी संस्था कऱ्हाडला होती. केसकर तिचे संचालक. मी पदार्थविज्ञानाची, संस्थेचा संगणक विभाग माझ्याकडे होता. ऊर्मिला भूगर्भशास्त्रज्ञ, कोल्हापूरची. मालदरे खुर्दचे केंद्र तिने उभे केले होते. जलाशयाच्या पश्चिम काठावर अखंड कातळ शोधत ती दोन उन्हाळे हिंडली. तो सापडला नेमका गावाच्या समाजमंदिराखाली. मग गावकऱ्यांची बैठक घेऊन तिने त्यांच्याकडून मागची खोली मागून घेतली. “यंत्र इथून हलणार नाही,” असा शब्द तिने त्या बैठकीत दिला होता.

फेब्रुवारीत मध्यम तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा त्याच्या सर्वांत जवळ हेच केंद्र होते. भोपाळचा संगणक दर तासाला प्रत्येक केंद्राकडून नोंदी मागवून घेत असे. खुर्दची नोंद तिकडे पोचलेली नाही असे कळताच ऊर्मिलाने ती सीडीवर उतरवून कुरिअरने पाठवली. मदत म्हणून केलेले हे काम आता तिच्यावरच उलटले होते. जे केंद्र त्या तासाला बोललेच नाही, त्याची नोंद आली कुठून, असा भोपाळचा प्रश्न होता. प्रश्न म्हणून तो वावगा नव्हता. मीही तोच विचारला असता.

“विचार ना मग,” मी हे बोलून दाखवल्यावर ऊर्मिला म्हणाली.

“तुला विचारण्याची गरज नाही. यंत्राला विचारू.”

सलीम तांबोळीला बोलावले. सलीम आमचा संगणक अभियंता. केंद्रांवरचे संगणक, गच्चीवरच्या उपग्रह-थाळ्या आणि त्यांची जोडणी हे सगळे तो एकहाती सांभाळत असे. त्याने माझ्यासमोर खुर्दला हाक घातली आणि उत्तर आले. परत घातली, परत आले.

“चालतंय की, मॅडम.”

“भोपाळहून चालत नाही.”

“मग भोपाळला डॉक्टर बोलवा. आपला पेशंट ठणठणीत आहे.”

“पेशंट ठणठणीत आहे असं आपण म्हणतो. मृत्यूचा दाखला त्यांच्याकडे तयार आहे.”

सलीमने वीजपुरवठा, थाळीची दिशा, उपग्रहामार्गे संदेश जायला-यायला लागणारा वेळ, सगळे तपासले. कुठेही दोष नव्हता. दुपारी मी भोपाळला फोन लावला. तिकडचे संगणकप्रमुख निगम सौजन्याने बोलत, पण त्यांचा स्वतःच्या यंत्रावर पूर्ण विश्वास होता.

“मॅडम, हमारे यहाँ तो कोई गड़बड़ नहीं है. बाकी स्टेशन आ रहे हैं.”

“तुम्ही केंद्राला नावाने बोलावता ना? एकदा त्याचा क्रमांक वापरून बघता का?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. माणसांना क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून त्याला नावही देतात. नाव सांगितले की क्रमांक देणारा एक वेगळा संगणक असतो, त्याला नेम सर्व्हर म्हणतात. पूर्वी टेलिफोनच्या चौकशी-खिडकीत आपण आडनाव सांगत असू आणि पलीकडची बाई नंबर देत असे, तसाच हा प्रकार. आमच्या केंद्रांची नावे आमचा नेम सर्व्हर जगाला सांगत असे.

मी निगमांना खुर्दचा क्रमांक वाचून दाखवला. टंकलेखनाचा आवाज आला.

“अरे. आ गया.”

केसकर माझ्या खोलीतच बसले होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. “झालं की मग. त्यांना म्हणावं क्रमांक वापरा. गुरुवारी समितीला केंद्र जिवंत दिसेल. विषय संपला.”

ऊर्मिलाच्या चेहऱ्यावरचा ताण इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. “खरंच संपला?”

“नाही,” मी म्हणाले.

“टिपणीसबाई, तुम्हाला सरळ सुटलेला प्रश्न आवडत नाही का?”

“सुटला असता तर आवडला असता, सर. केंद्र आजपासून जिवंत दिसेल. फेब्रुवारीत ते जिवंत होतं की नाही, हे त्यातून कुठे ठरतं? समिती म्हणेल, बंद पडलेलं केंद्र आम्ही येणार म्हणून दुरुस्त केलं. आणि ऊर्मिलाची नोंद संशयितच राहील.”

“पण यंत्र तर वाचेल,” केसकर म्हणाले.

ऊर्मिलाला काय हवे होते ते मला ठाऊक होते आणि तिला ते आत्ता, हात पुढे केल्यावर मिळत होते.

“नाही सर,” ती म्हणाली. “केंद्र राहिलं आणि त्याच्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवला नाही, तर ती समाजमंदिरातली एक पेटी झाली. नाव चालत नाही आणि क्रमांक चालतो. का?”

मी निगमांना आणखी एकच विचारले: जानेवारीपासून दुसरी कुठली केंद्रे गप्प आहेत? त्यांनी शोधून सांगितले. मालदरे बुद्रुक आणि चिरंवडे बुद्रुक. ती दोन्ही केंद्रे नवी होती, अजून चाचणीवर असल्याने त्यांच्याविषयी कुणी तक्रार केली नव्हती. कोंडुशी, तळमावशी आणि बाकीची जुनी केंद्रे नियमित येत होती.

“सगळे बुद्रुक आणि खुर्द,” सलीम म्हणाला.

“भोपाळला वावडं आहे का आमच्या खुर्दांचं?” ऊर्मिलाने विचारले.

“वावडं थाळीचं असेल,” केसकर म्हणाले. “ही तिन्ही केंद्रं पश्चिम काठावरची. तिन्हींना नव्या बनावटीची थाळी आहे. जुन्यांना जुनी. मला तर सरळ दिसतंय.”

ही शंका चांगली होती. क्रमांकाने उत्तर आले हे खरे, पण एकदा आले म्हणून थाळी निर्दोष ठरत नाही. ती कधी चालते, कधी चालत नाही, असेही असू शकते. माझी शंका वेगळी होती. मी सलीमला तिन्ही केंद्रांची नावे फळ्यावर लिहायला सांगितली, रोमन अक्षरांत, यंत्रात आहेत तशीच. गावाचे नाव, मग खुर्दसाठी किंवा बुद्रुकसाठी दोन अक्षरे, आणि त्या दोहोंना जोडणारा अंडरस्कोर, म्हणजे ओळीच्या तळाशी मारलेली आडवी रेघ. कोंडुशी एकाच शब्दाचे गाव, त्यामुळे तिथे रेघेचा प्रश्नच आला नव्हता.

“संगणकाच्या नावात काय चालतं, याचा एक जुना ठरलेला दंडक आहे,” मी म्हणाले. “अक्षरं, अंक आणि मधली छोटी रेघ, हायफन. बस. अंडरस्कोर त्यात नाही.”

“मॅडम, पण सगळे वापरतात,” सलीम म्हणाला. “अर्ध्या जगाच्या ऑफिसांत तशी नावं आहेत. कुणी विचारत नाही.”

“भोपाळ विचारत असावं.”

“एका रेघेवरून?” केसकर म्हणाले. “कातळ शोधायला दोन वर्षं, आणि केंद्र बुडणार एका रेघेत? मला पटत नाही.”

“मलाही पटलेलं नाही, सर. म्हणूनच तपासू या. तुमची थाळी आणि माझी रेघ, दोन्ही एकदम.”

प्रयोग साधा होता. निरोगी कोंडुशीला आम्ही आणखी एक नाव द्यायचे, अंडरस्कोर असलेले. आजारी खुर्दलाही आणखी एक नाव द्यायचे, हायफन असलेले. यंत्रे तीच, थाळ्या त्याच, जागा त्याच. दोष थाळीचा असेल, तर कोंडुशी कुठल्याही नावाने सापडेल आणि खुर्द कुठल्याही नावाने रखडेल. दोष रेघेचा असेल, तर नव्या नावाने कोंडुशी नाहीशी होईल आणि खुर्द उभे राहील. दोन्ही भाकिते मी फळ्यावर लिहिली आणि केसकरांना त्यांच्या भाकिताखाली सही करायला लावली.

“सही कशाला?”

“नंतर आपण दोघंही म्हणू की आपल्याला आधीच माहीत होतं.”

ते हसले आणि त्यांनी खडूने झोकात सही केली.

बुधवारी सकाळी सलीमने दोन्ही नावे नेम सर्व्हरवर चढवली. निगम फोनवर होते. आम्ही चौघे फोनभोवती बसलो होतो. केसकरांनी चहा मागवला होता, तो कुणी घेत नव्हते.

“पहले कोंडुशी, नया नाम,” मी म्हणाले.

टंकलेखनाचा आवाज. “नहीं मिल रहा, मॅडम. ऐसा कोई होस्ट नहीं.”

“पुराने नाम से?”

“मिल गया.”

“अब मालदरे खुर्द. नया नाम, हायफन वाला.”

या वेळी आवाज फार थोडा वेळ आला. “मिल गया. पूरा डेटा आ रहा है.”

ऊर्मिलाने डोळे मिटले. केसकर उठले, फळ्याजवळ गेले आणि स्वतःची सही तळव्याने पुसून त्यांनी ती माझ्या भाकिताखाली पुन्हा केली. संचालकांनी असे करावे हे कुठल्या नियमात बसते मला माहीत नाही. त्या सकाळी मला आमच्या संस्थेचा अभिमान वाटायला सुरुवात झाली.

मी निगमांना विचारले, जानेवारीत तुमच्याकडे काय बदलले? त्यांनी सांगितले, नवा नेम सर्व्हर बसवला. जुना काहीही स्वीकारत असे. नव्यात नावांची तपासणी आहे आणि दंडकात न बसणारे नाव आले की तो ते टाकून देतो. मग ते अगदी सहज म्हणाले, “आप कहें तो जाँच बंद कर दूँ? एक लाइन की बात है. आज ही आपके तीनों स्टेशन दिखने लगेंगे.”

सलीमने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत स्पष्ट लिहिले होते: हो म्हणा. केसकरांनी ऊर्मिलाकडे पाहिले.

ऊर्मिला फोनकडे झुकली. “नको, निगमसाहब. बंद मत कीजिए. उद्या कमिटीसमोर हे सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. और कमिटी के बाद भी बंद मत कीजिए. नावं आम्ही बदलतो.”

“जैसा आप कहें. वैसे मॅडम, ज़्यादातर लोग हमको ही बंद करने को बोलते हैं.”

फोन ठेवल्यावर सलीम म्हणाला, “घोरपडे मॅडम, तुमच्या जागी मी असतो तर बंद करायला लावलं असतं.”

“आज भोपाळने आपल्यासाठी डोळे झाकले, तर उद्या तिसऱ्याला आपण पुन्हा दिसणार नाही. मग त्यालाही विनंती. किती जणांना सांगत फिरू, की आमच्याकडे बघताना जरा डोळे झाका?”

मी तिच्यापुढचा निवलेला चहा बदलून आणायला सांगितले.

एक प्रश्न अजून शिल्लक होता. आमच्याही नेम सर्व्हरमध्ये ती तपासणी असायला हवी होती. त्याने ही नावे घेतली कशी?

“घेत नव्हता,” सलीम म्हणाला. “खुर्दचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मंडप पडलेला, गावात जेवणाची तयारी. नाव चढवलं की सर्व्हर ते नाकारायचा. मी तपासणी बंद केली, मग गुपचूप घेतलं त्यानं. चाललं. नंतर बुद्रुकाची दोन चढवली, तीही चालली.”

“पण हायफन का नाही टाकला?” मी विचारले.

सलीमने केसकरांकडे पाहिले आणि मान खाली घातली. केसकरांनी त्याची अडचण ओळखली.

“बोला, तांबोळी. मी खात नाही.”

“सर, तुमचा प्रोग्राम.”

भूकंपाचे केंद्र आणि खोली काढणारा आमचा गणिती प्रोग्राम केसकरांनी तरुणपणी लिहिला होता. तो अचूक होता आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. मात्र नावात हायफन आला की तो त्याला वजाबाकीचे चिन्ह समजत असे. मालदरेतून खुर्द वजा करू पाही आणि अडून बसे. त्यामुळे संस्थेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितले जाई की हायफन वापरायचा नाही, अंडरस्कोर वापरायचा. हा नियम नोंदींच्या फायलींसाठी होता. सलीमने तो संगणकांच्या नावांनाही लावला.

“माझा प्रोग्राम तुमच्या नोकरीआधीचा आहे, तांबोळी.”

“माझ्या जन्माआधीचा आहे, सर. म्हणून तर कुणी त्याला काही म्हणत नाही.”

केसकर मनापासून हसले. हसू थांबल्यावर सलीमने हळूच विचारले, “उद्या माझं नाव येणार का, सर?”

“समितीपुढे मी बोलणार आहे,” केसकर म्हणाले. “तुम्ही दुपारपर्यंत तिन्ही केंद्रांना हायफनची नावं द्या. जुनीही उद्यापर्यंत राहू द्या, दाखवायला. फायलींना अंडरस्कोरच ठेवा, नाहीतर माझा म्हातारा रुसेल. आणि आपली तपासणी पुन्हा सुरू करा.”

“सुरू केली तर जुनी नावं सर्व्हर घेणार नाही, सर.”

“मग समिती गाडीत बसली की पहिलं काम ते.”

गुरुवारी समितीचे तीन सदस्य आले. अध्यक्ष उंच, मितभाषी, चष्म्यावरून पाहणारे गृहस्थ होते. त्यांनी आल्याआल्याच सांगितले की त्यांना सबबी ऐकण्यात रस नाही. ऊर्मिलाने एकही सबब सांगितली नाही. तिने फोन लावला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. निगमांना काय विचारायचे ते अध्यक्षांनीच ठरवावे, असे ती म्हणाली. खुर्द, जुन्या नावाने: नाही. नव्या नावाने: आहे. कोंडुशी, जुन्या नावाने: आहे. अंडरस्कोरच्या नावाने: नाही. अध्यक्षांनी सगळा क्रम उलटा करून पुन्हा विचारला. मग न सांगता मधूनच तळमावशीचे नाव घेतले. ते केंद्र लगेच सापडले. मला हा माणूस आवडू लागला.

“रेघेचं कळलं,” अखेर फोन ठेवत ते म्हणाले. “पण फेब्रुवारीच्या त्या तासाला तुमचं केंद्र काम करत होतं, हे यावरून कसं सिद्ध होतं?”

हा तोच प्रश्न होता ज्यासाठी मी सोपा उपाय नाकारला होता, आणि उत्तर ऊर्मिलाने द्यायचे होते.

“यावरून एवढंच सिद्ध होतं, की केंद्र गप्प होतं असं म्हणायला तुमच्याकडे काहीच पुरावा नाही,” ती म्हणाली. “तुमचा संगणक आधी नाव तपासतो, मग क्रमांक घेतो आणि त्यानंतर केंद्राला प्रश्न विचारतो. आमचं नाव त्याने पहिल्याच पायरीवर टाकून दिलं. पुढच्या पायऱ्या झाल्याच नाहीत. आता नोंदीचं. नोंद खरी आहे की नाही, ते नोंदीतच तपासता येतं. लाट कोंडुशीला केव्हा पोचली, तळमावशीला केव्हा पोचली, हे तुमच्याकडे आहे. त्यावरून खुर्दला ती केव्हा पोचायला हवी ते तुम्ही स्वतः काढा. माझी नोंद त्यानंतर उघडा.”

अध्यक्षांनी कोरा कागद मागितला. दुसऱ्या सदस्यांनी गणित केले, अध्यक्षांनी ते तपासले. मग त्यांनी सीडी लावायला सांगितली. खुर्दची लाट पडद्यावर आली, तेव्हा तिचा पहिला झटका त्यांच्या आकड्याशेजारीच उभा होता.

“ठीक,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ही नावं दिली कुणी?”

“संस्थेने,” केसकर म्हणाले. “संस्था माझी आहे. हायफनवर बंदी मी घातली होती. आमच्या यंत्राने चूक दाखवली, तेव्हा आम्ही यंत्राला गप्प केलं. तुमच्या यंत्राला गप्प करू नका, एवढीच विनंती आहे. त्याने त्याचं काम केलं.”

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ संचालक पाहिले. समितीसमोर इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या ताठ मानेने चूक स्वतःच्या अंगावर घेणारे हे एकच. सलीम दाराशी उभा होता. संध्याकाळी त्याने आमची तपासणी सुरू केली आणि तो संस्थेत होता तोपर्यंत ती एकदाही बंद झाली नाही.

केंद्र राहिले. ते आजही समाजमंदिराच्या त्याच मागच्या खोलीत आहे. फेब्रुवारीच्या धक्क्याची खोली ऊर्मिलाच्या नोंदीमुळे सुधारून घ्यावी लागली आणि तिचा तो निबंध पुढे बऱ्याच ठिकाणी संदर्भ म्हणून वापरला गेला. कुणी विचारले की ती म्हणते, यंत्रे सगळी चांगलीच होती. ते बरोबर आहे.

अहवालातले कारण मी लिहिले आणि केसकरांनी एकही शब्द न बदलता त्यावर सही केली. ते असे: मालदरे खुर्दच्या संगणकाला दिलेले नाव ठरलेल्या दंडकात बसत नव्हते. आमच्या नेम सर्व्हरने ते नाकारले असता आम्ही त्याची तपासणी बंद केली. त्यामुळे चूक कुणालाही न दिसता टिकून राहिली. जानेवारीत भोपाळने तपासणी सुरू केली आणि नाव तिथे नाकारले जाऊ लागले. केंद्राने उत्तर देणे कधीही थांबवले नव्हते. त्या काळात भोपाळहून त्याला एकही प्रश्न पोचला नव्हता.